उभं राहण्याची साधना: सुरुवात कुठून, क्रम कोणता आणि थांबायचं कुठे

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला पाण्याच्या कडेला उभं राहण्याच्या सरावाला जमतो आणि नवीन आलेला माणूस हमखास तेच करतो. चपला काढतो, डोळे मिटतो, एक लांब श्वास ओढतो, खांदे कानापर्यंत वर, गुडघे मागे ताठ, आणि पाच मिनिटांनी विचारतो, "ताई, काहीतरी वर चढतंय असं वाटायला पाहिजे ना?" नाही हो. आधी खाली उतरायचंय. हे इतक्या जणांना सांगून झालंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, म्हणजे घरी एकट्याने करणाऱ्यांनाही उपयोग होईल.

ज्यांना जप, ध्यान, श्वास सगळं करूनही ते डोक्यातच राहतंय असं वाटतं आणि आता शरीरातून साधना करायचीये, त्यांच्यासाठी हे आहे. गाभा चिनी आहे, झान झुआंग, म्हणजे खांबासारखं उभं राहणं. ताई ची, शिंग यी, बाग्वा या ताकदीपेक्षा आतल्या सैलपणावर भर देणाऱ्या चिनी मार्शल आर्टमध्ये हात-पाय चालवण्याआधी माणसाला उभं राहायला शिकवतात. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं काही कारण नाही, विठ्ठलाचं उभं राहणं आपण लहानपणापासून बघतोय, समचरण, दोन्ही पाय सारखे, वजन सारखं. त्याला मी झोपून करायचा सराव, हात ठेवायचा सराव आणि चालणं जोडलंय, कारण ऑफिसमधून थकून आलेलं शरीर थेट उभं केलं तर ते फक्त ताठ होतं.

क्रम असा: झोपणं, हात ठेवणं, सैल होणं, उभं राहणं, आवरणं, चालणं, बसणं. लोक शेवटून सुरू करतात आणि मग सगळं डोक्यात जाऊन बसतं.

पायरी 0: आज हे आपल्यासाठी आहे का ते बघा

ही पायरी कोणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो.

बीपीची गोळी चालू असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, व्हर्टिगो असेल, पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या असतील, गुडघ्याची झीज असेल किंवा शुगरमुळे तळपायाला बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना "योगा करू का" असं मोघम नको, "एकाच जागी न हलता दहा मिनिटं उभं राहणार आहे" असं स्पष्ट सांगा. गरोदर असाल तर पाचव्या महिन्यानंतर पाठीवर जास्त वेळ झोपायचं नाही, कुशीवर झोपा, आणि उभं राहणं खुर्चीवर बसून करा.

मानसिक आजाराची ट्रीटमेंट चालू असेल, कधी आवाज ऐकू येणं किंवा झोप पूर्ण उडणं असं झालं असेल, किंवा एखादा मोठा धक्का अजून ताजा असेल तर डोळे मिटून करायचे सराव एकट्याने करू नका. चालणं करा, तेही डोळे उघडे ठेवून. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, कोणी गुरुजींनी सांगितलं तरी नाही.

पायरी 1: जागा, वेळ, कपडे

जागा घरातलीच चांगली. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर घामाचा पाय सरकतो म्हणून खाली काहीतरी हवं, पण ती जाड फोमची योगा मॅट नको, तिच्यात पाऊल रुततं आणि घोटा सतत डुगडुगतो. सतरंजी किंवा पातळ रबरी मॅट बेस्ट. पंख्याच्या अगदी खाली उभं राहू नका, घाम आल्यावर मान आखडते.

बाहेर करायचं असेल तर सकाळी सहा-साडेसहाला वाशीचं सागर विहार किंवा ठाण्यात उपवनचा काठ चालेल, तलावपाळीला मात्र नवशिक्याने जाऊ नये कारण तिथे ओळखीचं कोणीतरी भेटतंच आणि दहा मिनिटांची साधना चहावर संपते. येऊरला पहाटे एकट्याने डोळे मिटून उभं राहायचं धाडस कोणीही करू नका, ते नॅशनल पार्कचं जंगल आहे आणि तिथे बिबटे आहेत. खाडीकाठी डास इतके असतात की फुल बाह्यांचा शर्ट आणि ओडोमॉस हा माझ्यासाठी साधनेचाच भाग आहे, कारण डास चावल्यावर आपण जे अंग आवळतो ते पुढची पाच मिनिटं सुटत नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या गच्चीवर शेवाळ धरतं, तिथे नकोच.

जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, पण अगदी रिकाम्या पोटीही नको, अर्धं केळं खाऊन उभं राहा. खिशातल्या किल्ल्या, मोबाईल, कमरेचा पट्टा काढा. एक काका तीन रविवार तक्रार करत होते की उजवा खुबा भरून येतो, चौथ्या रविवारी त्यांच्या पँटच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा निघाला, घराच्या, गाडीच्या, दुकानाच्या, नऊ किल्ल्या. तो बाकावर ठेवला आणि दोन मिनिटांत त्यांचं डावं पाऊल पहिल्यांदा पूर्ण टेकलं.

टायमर लावा, आवाज मंद ठेवा आणि फोन हाताला लागणार नाही इतका लांब.

पायरी 2: झोपणं (15 मिनिटं)

पहिले दोन आठवडे फक्त हीच आणि पुढची पायरी करायची. लोकांना हे पटत नाही, "झोपायला काय शिकायचं" म्हणतात, पण ज्याला जमिनीवर वजन सोडता येत नाही त्याला उभ्याने कसं सोडता येईल?

पाठीवर झोपा, गादीवर नाही, सतरंजीवर. गुडघे वर, तळपाय जमिनीवर टेकलेले, पावलं कमरेच्या रुंदीइतकी लांब. डोक्याखाली दोन ते पाच सेंटीमीटर जाडीची वह्या-पुस्तकं, उशी नको कारण उशीत मान बुडते. हनुवटी छताकडे उचलली गेली तर उंची कमी आहे, गळ्याशी दाबली गेली तर जास्त आहे. हात पोटावर किंवा बाजूला.

आता काहीही करायचं नाही, फक्त जमीन कुठे कुठे लागते ते खालून वर मोजत जा. टाचा, चवडे, कमरेमागचं त्रिकोणी हाड, पाठीचा मधला भाग, दोन्ही खांद्यांची पाती, डोक्याची मागची बाजू. जिथे लागत नाही तिथे दाबून लावायचं नाही. कंबर जमिनीपासून वर राहत असेल तर राहू दे, चार-सहा मिनिटांनी ती आपोआप थोडी खाली येते, गुडघे वर असल्यामुळे कमरेवरचा ताण सुटतो म्हणून.

मग माकडहाड अगदी एक इंच मागे-पुढे डोलवा, श्वासाबरोबर, पाच-सहा वेळा. कोणी बघत असेल तर त्याला दिसूही नये इतकं लहान. मोठी हालचाल केली की पोटाचे स्नायू मध्ये येतात आणि आपल्याला तेच नकोय.

तपासा: उठायच्या आधी एक पाऊल सावकाश उचलून बघा. उचलताना जबडा आवळला गेला किंवा श्वास अडकला तर अजून पाच मिनिटं पडून राहा. उठताना थेट उठू नका, कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन.

झोप लागली तर? लागू दे. पहिला आठवडा बहुतेकांना लागतेच, पहाटे साडेपाचला उठून डबे करणाऱ्या बाईला झोपेचीच गरज असते.

पायरी 3: हात ठेवणं (5 मिनिटं)

एक तळहात छातीच्या मधोमध, दुसरा ओटीपोटावर, बेंबीच्या तीन-चार बोटं खाली. चिनी परंपरेत या जागेला दानत्येन म्हणतात. दाबायचं नाही, चोळायचं नाही, ऊर्जा पाठवायची नाही. झोपलेल्या बाळाच्या पाठीवर आपण हात ठेवतो, ते उठू नये एवढ्या वजनाने, तेवढंच वजन. श्वास हाताला खालून भेटायला येतो की नाही ते बघत राहायचं, आला नाही तरी चालतं.

जोडीने करत असाल तर दुसऱ्याने पालथं झोपायचं आणि आपण त्याच्या कमरेवर एक हात ठेवायचा, पाच मिनिटं तोच हात तिथेच. इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अंगठ्याने गाठी शोधायला लागणं. आपण मालिश करत नाही आहोत, शरीराला कोणीतरी ऐकतंय एवढंच कळवतोय.

सावध: हात ठेवण्याआधी प्रत्येक वेळी विचारायचं, नवरा-बायको असाल तरी. आणि एखाद्या क्लासमध्ये शिकवणारा न विचारता हात लावत असेल, "हे अडलंय, मोकळं करतो" म्हणून नको तिथे हात जात असेल तर उठून निघून या. साधनेच्या नावाखाली हे सहन करायची अजिबात गरज नाही.

पायरी 4: सैल होणं (3 ते 4 मिनिटं)

उभं राहा, टाचा जमिनीवरच ठेवून गुडघ्यांतून हलकेच हिसके द्या, लोकल खडखडते तसं सगळं अंग हलू दे. हात लोंबकळू देत, जबडा सुटा. एक-दीड मिनिट. मग घोटा, गुडघा, खुबा, खांदा, मनगट हे एकेक करून लहान गोलात फिरवा. मान गोल फिरवायची नाही, फक्त हो-नाही म्हणतो तशी हळू हलवायची. एवढंच, इथे जास्त रमू नका.

पायरी 5: उभं राहणं

हीच मुख्य पायरी आणि सगळ्या चुका इथेच आहेत, म्हणून सावकाश सांगते. अंगाची मांडणी खालून वर करायची, वरून खाली कधीच नाही.

पावलं: दोन पावलांमध्ये आपल्याच एका पावलाएवढं अंतर. पावलांच्या बाहेरच्या कडा समांतर. बहुतेकांची बोटं बाहेर वळलेली असतात आणि सरळ केली की त्यांना आत वळल्यासारखं वाटतं, तेव्हा खाली बघून खात्री करा. वजन टाच, अंगठ्यामागची गादी आणि करंगळीमागची गादी या तिन्हींवर.

तपासा: पायाची बोटं उचलून बघा. सहज उचलली गेली तर ठीक, तोल गेला तर वजन फार पुढे आहे.

गुडघे: कुलूप लावल्यासारखे मागे ताठ नकोत आणि खुर्चीत बसल्यासारखे वाकलेलेही नकोत. फक्त कुलूप काढायचं. वाकवण्याआधीचा जो क्षण असतो ना, तिथे थांबायचं. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने, आत पडू द्यायची नाही.

सावध: गुडघे ताठ ठेवून न हलता उभं राहणं धोक्याचं आहे. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, ते गप्प राहिले की रक्त पायात साचतं, मे महिन्याच्या उकाड्यात शिरा आणखी पसरतात आणि माणूस चक्कर येऊन खाली. परेडमध्ये उभी मुलं पडतात ती बऱ्याचदा याचमुळे. डोळ्यासमोर अंधारी, कानात सूं आवाज, थंड घाम यातलं काहीही झालं तर "अजून दोन मिनिटं" नाही, लगेच खाली बसा किंवा आडवे होऊन पाय वर घ्या.

खुबा आणि कंबर: उंच स्टुलावर टेकायला निघालो आणि स्टूल अजून आलंच नाही असं समजा. माकडहाड जमिनीकडे लोंबतं. बरेच जण "कंबर सरळ करा" ऐकलं की पोट आवळून कंबर जबरदस्तीने पुढे ढकलतात, त्याने जांघा बंद होतात आणि मांड्या दोन मिनिटांत पेटतात. जांघेच्या घडीवर बोटं ठेवून बघा, ती जागा मऊ असायला हवी.

छाती आणि पाठ: छाती फुगवायची नाही, खचवायचीही नाही. शाळेत पीटीच्या सरांनी "सावधान" शिकवलेलं असतं ते इथे विसरायचं. बरगड्या खाली येऊ देत, शर्ट हँगरला लटकतो तसं.

मान आणि डोकं: टाळूला एक दोरा आहे आणि तो हलकेच वर धरलाय. हनुवटी किंचित आत. जिभेचं टोक वरच्या दातांमागे टाळ्याला लागलेलं, दात एकमेकांवर दाबलेले नाहीत. डोळे अर्धे उघडे, नजर समोर जमिनीवर तीन-चार मीटरवर. पहिले दोन महिने डोळे मिटायचे नाहीत, मिटले की माणूस डोक्यात जातो, झोपेत नाहीतर चित्रांत.

हात: पहिले तीन आठवडे हात बाजूला लोंबत ठेवा, काखेत एकेक लिंबू मावेल एवढी फट. त्यानंतर हात छातीसमोर, मोठा माठ कवेत घेतल्यासारखे, तळवे आपल्याकडे, दोन्ही हातांच्या बोटांत एक वीत अंतर, कोपरं खांद्यांपेक्षा खाली. खांदे दुखले तर हात पोटाच्या उंचीला आणा, हात खाली आणण्यात काहीच कमीपणा नाही.

आता एकच काम आहे. चिनी भाषेत त्याला सोंग म्हणतात, म्हणजे सोडणं, पण कोसळणं नाही. ओल्या साडीचं पाणी निथळतं ना दोरीवर, साडी जागच्या जागी असते आणि पाणी खाली जातं, तसं. जबड्यातून खांद्यात, खांद्यातून पाठीत, पाठीतून खुब्यात, मांड्या, पोटऱ्या, तळपाय, जमीन. पुन्हा वरून. श्वास मोजायचा नाही, ओढायचा नाही, कण्यातून वगैरे वर चढवायचा नाही, तो नाकातून जसा येतो तसा येऊ दे.

या ठिकाणी मी आग्रहाने बोलते त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका वीकेंड वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच दिवशी आम्हाला श्वास कण्यातून टाळूपर्यंत खेचून तिथे धरायला लावला होता, पायांचं, जमिनीचं नावही नाही. घरी आल्यावर कपाळात दाब, डोकं गरम, पाय थंडगार, आणि जवळजवळ तीन आठवडे धड झोप नाही. शिकवणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले जागृती होतेय, चालू ठेवा. मी चालू ठेवलं नाही. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या केल्या, सगळे सराव बंद केले, रोज रात्री आईने तळपायाला तेल लावलं, दोन वेळ पोटभर जेवले आणि संध्याकाळी कोपरखैरणे ते घणसोली पायी चालले, तेव्हा कुठे हळूहळू उतरलं. चिनी परंपरेत असं बिघडण्याला वेगळं नावच आहे, म्हणजे हे माझ्या एकटीचं झालेलं नाही.

किती वेळ: तिसऱ्या आठवड्यात 3 मिनिटं. मग दर आठवड्याला 1 मिनिट वाढवा, 15 ते 20 वर थांबा. नियम 70 टक्क्यांचा, म्हणजे दहा मिनिटं जमत असेल तर सात करा. उरलेली ताकद दुसऱ्या दिवशी उभं राहायची इच्छा टिकवते. चिनी लोक पाया घालायला शंभर दिवस धरतात आणि माझ्या अनुभवात तो आकडा बरोबर आहे, साधारण तिसऱ्या महिन्यात शरीर स्वतःहून जागेवर जायला लागतं.

काय होईल आणि त्याचं काय करायचं

थरथर: मांड्या थरथरतात कारण स्नायू थकतात. थोडी थरथर चालेल, आवरू नका, वाढवूही नका. लोक यात फसतात, थरथर म्हणजे शक्ती संचारली समजून ती मुद्दाम मोठी करतात आणि मग प्रत्येक वेळी तेवढीच व्हावी म्हणून धडपडतात.

तळहात गरम, मुंग्या: अंग सैल झालं की हाताकडे रक्त वाढतं, चांगलं आहे. पण बोटं बधिर पडत असतील, रंग बदलत असेल तर खांदे किंवा कोपरं आवळलेली आहेत, हात खाली घ्या.

रडू: येऊ दे, पाय जमिनीवर आहेत ना तेवढं बघा. कारण शोधत बसू नका. आमच्यातली एक मैत्रीण सहाव्या आठवड्यात नुसती डोळ्यांतून पाणी वाहत उभी होती, नाक पुसायलाही हात खाली घेतला नाही, नंतर म्हणाली की खांदे इतके खाली आहेत हे मला माहीतच नव्हतं. एवढंच बोलली आणि कंटेनरमधून आणलेले पोहे सगळ्यांना वाटले.

प्रकाश, चित्रं, देव दिसणं: नमस्कार करा आणि लक्ष परत तळपायात आणा.

कंटाळा: हा सगळ्यांना येतो आणि याच्याबद्दल कोणी लिहीत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात रोज येतो. टायमर वाजेपर्यंत थांबा.

पायरी 6: आवरणं (2 मिनिटं, चुकवायची नाही)

टायमर वाजला की लोक सरळ मोबाईल उचलतात. दूध तापल्यावर गॅस बंद न करता निघून जाण्यासारखं आहे हे. हात सावकाश खाली आणून दोन्ही तळवे ओटीपोटावर, एकावर एक. नऊ श्वास तिथेच. मग तळवे एकमेकांवर चोळून कमरेच्या मागे दोन्ही बाजूंना लावा, चेहऱ्यावरून फिरवा, मांड्यांवरून पोटऱ्यांपर्यंत हलकेच थापटत खाली या. नेहमी खालीच यायचं.

तपासा: आजूबाजूच्या तीन वस्तू बघून मनात नाव घ्या, आपलं पूर्ण नाव आणि आजचा वार मोठ्याने म्हणा. जड, गुंगल्यासारखं वाटत असेल तर गाडी चालवू नका, पाणी प्या, पाच मिनिटं गप्पा मारा.

पायरी 7: चालणं (5 ते 10 मिनिटं)

ताई चीत याला मांजरीची चाल म्हणतात. सगळं वजन डाव्या पायावर पूर्ण गेल्याशिवाय उजवा पाय उचलायचा नाही. मग उजवी टाच रिकामीच टेकवायची, म्हणजे अशी की वाटलं तर परत उचलता यावी. मग वजन हळूहळू सरकवायचं, पाऊल भरत जातं, डावं रिकामं होतं. एका पावलाला पाच-सहा सेकंद. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चूक एकच: पाऊल टाकणं म्हणजे पडणं. आपण रोज तसंच चालतो, पुढे पडतो आणि पायाने सावरतो. स्टेशनच्या जिन्यावर गर्दीत उतरताना पायरी चुकते ती त्यामुळेच. मांजर आधी पंजा ठेवते, मग ठरवते.

बाग्वामधलं झाडाभोवती गोल चालणं बघून काही जण थेट तेच करायला घेतात. त्यात गुडघ्याला पीळ पडतो, खुबा मोकळा नसेल तर गुडघाच मोडतो. शिक्षक समोर असल्याशिवाय नको.

पायरी 8: बसणं

आता बसा, खुर्चीवर, पाटावर, कसंही, पाच-दहा मिनिटं. कुठलंही तंत्र नाही. ज्यांचं नामस्मरण आहे त्यांनी नाम घ्यावं. बहुतेकांच्या लक्षात येतं की नेहमी बसल्यावर विचारांशी जी झटापट होते ती आज कमी आहे, कारण शरीर आधीच बसलेलं आहे.

जागृती म्हणाल तर मला ती अशी दिसलीये. मुलावर ओरडायच्या आधी जबडा आवळला गेलेला कळतो, तोंड उघडायच्या आत. ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये दाराशी रेटारेटी चालू असताना आपण डोळ्यांच्या मागे कुठेतरी लपून बसलेलो नाही, तळपायापर्यंत सगळीकडे आहोत हे स्वच्छ जाणवतं आणि शेजारच्या बाईचा कोपर लागला तरी ती बाईही तशीच उभी आहे, तिचेही पाय दुखतायत हे त्याच वेळी जाणवतं. एखाद-दोनदा याच्याही पुढचं काही झालंय, "मी" नावाची कडाच सापडली नाही असं, पण ते मागितलं म्हणून येत नाही आणि त्याचा पाठलाग केला तर जे आलंय तेही जातं, म्हणून त्यावर मी क्लासमध्ये जास्त बोलत नाही.

लोकलमध्ये, किचनमध्ये

ट्रेनमध्ये सराव करायचा तर हँडल धरूनच, डोळे उघडे, गुडघ्यांचं कुलूप काढलेलं, एवढंच. दारात नाही. ओट्याशी पोळ्या लाटताना एका पायावर वजन टाकून कंबर बाहेर काढायची सवय बहुतेक बायकांना असते, दर चौथ्या पोळीला दोन्ही टाचा तपासा. ऑफिसवरून येऊन पार गळून गेला असाल त्या दिवशी फक्त पायरी 2 आणि 3.

कधी पूर्ण थांबायचं

लागोपाठ दोन रात्री झोप नाही, धडधड जात नाही, आजूबाजूचं खरं वाटत नाही, आवाज ऐकू येतायत, किंवा आपल्याला काही खास काम सोपवलंय असं जोरात वाटायला लागलंय, यातलं एकही असेल तर सगळं बंद. झोपून करायचंही बंद. गरम जेवा, माणसांत राहा, घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना दाखवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलता येतं. शिकवणारा म्हणाला की ही प्रगतीच आहे, तरी आधी डॉक्टर.

खाडे पडले तर

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत उभं राहणं जड वाटत असेल तर झोपूनच करा. ताप असेल तर काहीच नाही. आठ-दहा दिवस खंड पडला, गणपतीत तर पडतोच, तर जिथे सोडलं तिथून सुरू करू नका, वेळ निम्मा करा. म्हणजे 12 मिनिटांवर होतात तर 6, आणि हात परत खाली, बाजूला लोंबत. पहिल्या दिवशी फक्त पावलांच्या कडा समांतर आहेत का ते बघा, त्या परत बाहेर वळलेल्या असतात.